म्हाताऱ्या सशाचे वजन

खोपोलीहून एका वाचक आजींचे पत्र आले आहे. नातू शिक्षणासाठी परगावी गेला आणि त्याचा ससा आजी-आजोबांकडे राहिला. ससा आता साडेसात वर्षांचा आहे. ‘समोर ठेवले की खायला येतो, पण उचलला की पूर्वीपेक्षा हलका लागतो. वय झाले म्हणून सोडून द्यावे काय?’ असे त्या विचारतात.

सोडून देऊ नये. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. कर्जतला आमच्या घरीही असाच एक ससा मुलांच्या मागे राहिला होता. सात वर्षे उलटल्यावर तो मंदावला. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे. त्याचे मंदावणे आम्हाला स्वाभाविकच वाटले. रोज सकाळी तो ताटलीपाशी येई, गवताची काडी तोंडात घेई, घोळवी आणि खाली टाकी. मी एवढेच पाही की तो ताटलीपाशी आला. केळ्याची चकती मात्र तो चटकन खाई, म्हणून सौभाग्यवती त्याला केळे देत. मे महिन्यात गळणारे केस विंचरताना बोटांना पाठीचे मणके एकेक करून लागले, तेव्हा आम्ही हबकलो. आदल्या वर्षीच्या डॉक्टरांच्या कागदावर त्याचे वजन १ किलो ९०० ग्रॅम होते. आता ते १ किलो ५२० ग्रॅम भरले. अंगाचा पाचवा हिस्सा गेला होता, आणि दाट केसांमुळे आम्हाला तो रोज तेवढाच गुबगुबीत दिसत होता.

चौकमार्गे त्याला पनवेलला एका पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी तोंडात दिवा घालून दाखवले : डावीकडच्या दाढेला टोक आले होते आणि त्याने जिभेला जखम झाली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. गवत तासन्‌तास चावल्याने ते झिजतात. झीज कमी-जास्त झाली की दाढांना टोके येतात, ती जीभ आणि गाल कापतात. भूक असते, पण चावताना दुखते. मग प्राणी गवत टाळतो, मऊ पदार्थ निवडतो, आणि गवत टाळल्याने दाढा आणखी वाढतात. आमचे केळ्याचे लाड या फेऱ्याला हातभारच लावत होते. भूल देऊन दाढा घासल्यावर आठवडाभरात तो पुन्हा गवत खाऊ लागला. पुढे चौदा महिने तो जगला. दोन महिने आधी वजन पाहिले असते, तर त्याचे तेवढे दिवस दुखण्यात गेले नसते, ही रुखरुख आजही आहे.

म्हणून, आजी, आठवड्यातून एकदा वजन करावे. स्वयंपाकघरातील ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. काटा ओट्यावर नव्हे, जमिनीवर ठेवावा. ससा उसळून पडला तर त्याचा कणा मोडू शकतो. काट्यावर प्लॅस्टिकचे खोलगट घमेले, त्यात जुना टॉवेल ठेवून आकडा शून्य करावा आणि मग ससा बसवावा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असावा. गुडघे दुखत असतील तर आपण पाटावर बसावे आणि आकडा वाचायला घरातील दुसऱ्या कोणास सांगावे. वार तोच, वेळ सकाळची, खाणे देण्यापूर्वीची. आकडा लगेच वहीत लिहावा. ‘लक्षात राहील’ यावर या वयात विसंबू नये, निदान मी तरी विसंबत नाही.

पोट भरले-रिकामे असल्याने ३०-४० ग्रॅमांचा फरक पडतो, त्याने घाबरू नये. मात्र ओळीने तीन आठवडे आकडा उतरत गेला, किंवा मूळ वजनाचा दहावा भाग कमी झाला, तर कारण शोधलेच पाहिजे. दात हे एक कारण झाले. मूत्रपिंडाचा विकार असू शकतो, किंवा सांधेदुखीमुळे ताटलीपर्यंत जाणेच जिवावर येत असेल. लहान जिवात ग्रॅमांचे मोल मोठे असते. अँडीज पर्वतातील चिंचिला हल्ली काही जण घरी पाळतात. त्याचे दातही असेच वाढत राहतात आणि वजन जेमतेम अर्धा किलो, म्हणजे ५० ग्रॅम उतरले तरी धोक्याची घंटा. अर्थात थंड प्रदेशातल्या त्या जिवाला आपल्या उन्हाळ्यात कोंडणे मला पटत नाही. सशालाही कर्जत-खालापूरचा एप्रिल-मे सोसत नाही आणि तो कमी खातो. तेव्हा वहीत आकड्याशेजारी ‘कडक ऊन’ अशी नोंद करावी, पण सगळा दोष उन्हावर टाकू नये.

गवताचे म्हणाल तर आपल्या भागात भाताचा पेंढा मुबलक. पण तो बिछान्याला ठीक, मुख्य आहार म्हणून नव्हे. पावसाळ्यानंतर कापून नीट वाळवलेले हिरवट गवत कोरड्या जागी साठवावे. आषाढ-श्रावणात दमटपणाने त्याला बुरशी धरते. वास कुबट आला की फेकून द्यावे.

ससा बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर रविवार असला तरी सोमवारची वाट पाहू नये; सशाचे आतडे थांबले की प्राणावर बेतते. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आपल्या तालुक्यांतील दवाखान्यांत गुरे-शेळ्यांची वर्दळ अधिक, म्हणून सशाचे दात तपासणारे डॉक्टर कुठे आहेत, हे आधीच फोनवर विचारून ठेवावे. जाताना वही न्यावी, आणि टोपलीत मूठभर गवतही. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे माणसासारखे उपाशीपोटी नेण्याची गरज नसते.