चिंचोक्याची आरती

सापाला जात नसते म्हणे. नसंल. पण भातखाचरात वाकतो कोण? उसाचं पाचट उपसतो कोण? अंधारात सरपणात हात घालतं कोण, अनवाणी चालतं कोण? घोणस तिथंच असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली छापून आला. म्हणजे वर्षाला ५८ हजार.

मेलेल्यांचा निदान अंदाज तरी आहे. जगलेल्यांचं काय? घोणस, फुरसं, नाग चावला की कधी जीव वाचतो, पण बोट सडतं, पाय काळा पडतो, कापावा लागतो. विषातली काही विकरं रक्तवाहिन्यांच्या भिंती कातरतात, काही स्नायूंच्या पेशी फोडतात. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस रक्तातलं विष धरते. जीव तीच वाचवते. पण तिचे रेणू थोराड, सुजलेल्या मांसात वेळेवर शिरत नाहीत. आणि मेलेलं मांस कुठलीच लस जिवंत करत नाही.

इथं झाडपाल्याचा खरा प्रश्न सुरू होतो. म्हैसूरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली चिंचोक्याचा अर्क घोणशीच्या विषावर वापरला. तोच चिंचोका, जो आम्ही भाजून खाल्ला. विषातली विकरं थंडावली. सूज, रक्तस्राव, स्नायूंची नासाडी आटोक्यात आली. त्याआधी १९९०च्या दशकात कलकत्त्याच्या संशोधकांनी अनंतमुळाच्या मुळीतून विषाला अडवणारं एक आम्ल वेगळं काढलं होतं.

झालं! 'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांच्या छात्या फुगल्या. अरे थांबा जरा. चिंचोक्याच्या प्रयोगात विष आणि अर्क आधीच एकत्र कालवून ठेवले होते. आमचा बाप काय पान लागायच्या आधी चिंचोके वाटून बसतो? चावल्यावर दोन तासांनी, टमटममधनं आलेल्या माणसाच्या पायाला याचा उपयोग होतो का, ते सांगा. आजवर वनस्पतीतलं एकही संयुग सर्पदंशावरचं मान्य औषध झालेलं नाही. उलट प्रयोगशाळेत घडवलेलं वारेस्प्लाडिब हे औषध भारतातल्या नि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर चाचणीत वापरून झालं. म्हणजे उंदरापासून माणसापर्यंत जाता येतं. पैसा लागतो, आणि आमचा पाय पाय वाटावा लागतो.

मी चिंचोक्याच्या विरोधात नाही. त्याच्या आरतीच्या विरोधात आहे. तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ सालची. लशीसाठी लागणारं विष ते जीव धोक्यात घालून काढतात. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. चांगलं झालं. पण पदकानं कुणाचा पाय वाचत नाही.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायची योजना केंद्र सरकारनं २०२४ साली जाहीर केली. मग मढी मोजाल तेव्हा कापलेले पायही मोजा. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा, कुलूप न लावता. अनंतमुळातलं, चिंचोक्यातलं नेमकं संयुग शुद्ध करा, विष टोचल्यावर देऊन बघा, लशीच्या जोडीला देऊन बघा. टिकलं तर रीतसर माणसांवर तपासा. नाही टिकलं तर तसं छापा.

आणि शहरात रसायनशास्त्र शिकणाऱ्या पोरांनो, हे काम दुसरा कुणी आपल्यासाठी करंल याची वाट बघू नका. तोवर गावाकडं फोन करून एवढंच सांगा : मुळी बांधत बसू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. पान लागलं की थेट दवाखाना.