हा नुसता धूर नाही, सर!

थर्ड इयरच्या सेमिनारला मी विषय घेतला होता, 'ज्योतीतून नॅनोकण'. दुसऱ्याच स्लाइडला प्रश्न आला, "अरे, हा तर धूर! यात नॅनो काय?" पोरं हसली, मीही हसलो. उत्तर सुचलं ते मेसच्या रांगेत. ते इथे देतो.

आजी दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं धरून काजळ धरायची. त्या काजळीचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचेच असतात. टायरमधला कार्बन ब्लॅकही तेल अर्धवट जाळूनच बनतो. म्हणजे धूर हा नॅनोच आहे, फक्त तो आवरता आला पाहिजे.

जर्मनीच्या डेगुसा कंपनीने १९४०च्या दशकात तो आवरला. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत सोडली, की सिलिकाचे कण बनतात आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो. गरम कण आदळतात, चिकटतात, वितळून एक होतात. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा! जास्त वेळ गरम राहिले तर कण फुगतात, झटकन थंड केले तर लहानच राहतात. औषधी गोळ्यांची पूड मशीनमध्ये नीट सरकावी म्हणून हीच सिलिका घालतात.

आणि आपण? दरवर्षी सोल-जेल. ढवळा, गाळा, धुवा, वाळवा, भाजा. पद्धत वाईट नाही, मलासुद्धा जमते (यावरून काय ते ओळखा). पण हाती येते चमचाभर पूड. कारखान्याला टनांनी लागते, आणि ज्योतीतून ती कोरडीच थेट फिल्टरवर येते. बर्नर, वायूचा प्रवाह, उष्णतेचं वहन हे तर मेकॅनिकल-केमिकलचं रोजचं जेवण. ते आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि प्रोजेक्टला बीकर उचलतो. मला हे पटत नाही.

धोका आहे, मान्य. हायड्रोजन चेष्टा खपवून घेत नाही, आणि अशी पूड फुफ्फुसात जाते. टायटॅनियम डायऑक्साइड श्वासातून गेल्यास कर्करोगाची शक्यता आहे, असं आयएआरसी या संस्थेने २००६ साली ठरवलं. म्हणून सुरुवात स्पिरिटच्या दिव्याने नको, हवा खेचणाऱ्या हूडने करू. आपल्या लॅबमधल्या हूडचा पंखा गेल्या गणपतीपासून बंद आहे. तेवढा दुरुस्त करून द्या सर, बर्नर आम्ही वर्कशॉपमध्ये लेथवर काढतो.