पाव आणि अर्धा मिळून किती?

मैत्रिणींनो, पाचवीच्या आसपास मुलांच्या वहीत एक छोटासा ठिपका येतो आणि घराघरांत संध्याकाळची रडारड सुरू होते. दशांश चिन्ह! आमच्या सिडकोतल्या आया मला सांगतात, "बेरीज-वजाबाकी छान येते हो, पण पॉइंट आला की सगळं बिघडतं." पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं, "माझंही गणित कच्चंच होतं म्हणा!" हे दुसरं वाक्य मुलांसमोर, विशेषतः मुलींसमोर, बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर ते बहुतेक वेळा खरं नसतं. आणि दुसरं म्हणजे, ते ऐकून मुलगी प्रयत्न करायच्या आधीच हात टेकते.

चूक नेमकी कुठे होते ते आधी बघू या. ०.२५ + ०.५ हे उदाहरण घालून बघा. बरीच मुलं उत्तर लिहितात ०.३०. पंचवीस आणि पाच, तीस! हा धांदरटपणा नव्हे. पहिलीपासून आपणच शिकवलंय की संख्या मांडताना उजवीकडची कड जुळवायची. पूर्ण संख्यांमध्ये ते बरोबरच असतं, कारण तिथं शेवटी एकक असतो. दशांशात तसं नाही. ०.५ मधला पाच म्हणजे दहा भागांतले पाच आणि ०.२५ मधला पाच म्हणजे शंभर भागांतले. दोन वेगळ्या मापांची बेरीज कशी होणार? म्हणून चिन्हाखाली चिन्ह मांडायचं. मग दशांशाखाली दशांश, शतांशाखाली शतांश आपोआप येतात. रिकाम्या जागी शून्य लिहिलं की झालं: ०.२५ + ०.५० = ०.७५.

आता त्याच मुलाला विचारा, "पाव किलो आणि अर्धा किलो साखर मिळून किती?" ज्याच्या कानावर शब्द पडलेत तो चटकन म्हणेल, "पाऊण." उत्तर त्याच्या तोंडात होतं, वहीत नव्हतं! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन... आपल्या भाषेत दशांशाची अर्धी शिकवणी आयतीच आहे. पण इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मुलांना 'टू पॉइंट फाइव्ह' येतं, 'अडीच' येत नाही. मला हे फार लागतं. माध्यम कुठलंही असू द्या, हे शब्द घरात टिकलेच पाहिजेत.

आपल्या मराठवाड्यातल्या आज्यांचं तर कौतुकच वाटतं. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा, बाहेर कलदार रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली. त्यात रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे हाही हिशेब आलाच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी हे सगळं बाजारात निभावलं. ज्यांना शाळा मिळाली, त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी संध्याकाळच्या परवच्यात म्हटली.

आज मुलांना पैसे दिसतच नाहीत. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले. पण काटे आहेत ना! टी.व्ही. सेंटरला भाजी घेताना काट्यावरचा ०.७५० हा आकडा मुलाला वाचायला लावा. "शून्य पॉइंट सातशे पन्नास" म्हणाला तर हसू नका, विचारा, "म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा जास्त की कमी?" ०.१२५ मोठं की ०.५, हेही विचारा. एकशे पंचवीस पाचापेक्षा मोठे म्हणून तो फसेल. मग अदपाव आणि अर्धा किलो शेंगदाणे शेजारी ठेवून दाखवा.

वजाबाकीलाही डबाच पुरतो. पाच किलो पीठ, पावणेदोन वापरलं, उरलं किती? ५ − १.७५. मुलं हमखास ४.७५ लिहितात. पाचाचे ५.०० करून द्या, मग हातचा घेणं नेहमीचंच. उत्तर ३.२५. सव्वातीन! डब्यात मापून पडताळाही घेता येतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. प्रत्येक ठिपका दशांश चिन्ह नसतो. क्रिकेटमधली ४.५ षटकं म्हणजे साडेचार नव्हेत. चार षटकं आणि पाच चेंडू. घड्याळातले १.३० म्हणजे दीड. हा फरक मुलांना सांगितला की ती उलट खूश होतात.

"एवढं कशाला, कॅल्क्युलेटर आहे की!" असं कुणी म्हणेल. पण बाईच्या आयुष्यात हा ठिपका कुठं कुठं येतो बघा. सराफ्यातल्या पावतीवर मंगळसूत्राचं वजन तीन दशांश स्थळांपर्यंत असतं. नवजात बाळाचं वजन २.५ किलोच्या आत असेल तर ते कमी धरतात. आता कार्डावरचं २.०५ कुणी अडीच समजून निर्धास्त झालं तर? मधले साडेचारशे ग्रॅम कुठलाही कॅल्क्युलेटर आपणहून सांगत नाही. ते वाचणारीलाच कळावे लागतात.

तेव्हा ट्यूशनची चौकशी करण्याआधी आठ दिवस तरी काटा, डबा आणि वही एकत्र आणून बघा. आणि मुलीनं विचारलंच, "आई, तुला येतं का गं गणित?" तर बिनधास्त सांगा, "रोज करते की!"