प्रोब तुटला तर काय?

सावद्याजवळच्या एका केळी पिकवणी केंद्रात मी सतरा वर्षं पॅनेल सांभाळतो. चार चेंबर आहेत, एकेकात दहा टन माल मावतो. बागेतून हिरवी आलेली केळी आमच्याकडे चार-पाच दिवस राहतात आणि पिवळी होऊन गाडीत चढतात. तेवढ्या दिवसांत त्या खोलीतल्या हवेवर लक्ष ठेवणं हे माझं काम. तापमान 16 ते 18 अंश, आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर, पहिल्या दिवशी इथिलीन 100 पीपीएमच्या आसपास. केळी तोडल्यावरही श्वास घेत असतात, त्यामुळे खोलीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं, म्हणून ठरावीक वेळाने पंखा लावून हवा बदलायची.

माझी मुलगी पुण्याला इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत घरी आली होती. रात्री पाणी प्यायला उठलो तर ती लॅपटॉपवर काहीतरी खेळत बसलेली. पडद्यावर लाल माती, तिच्यावर पत्र्याची बंद खोली, खोलीत ट्रेमध्ये बटाटे आणि टोमॅटो, भिंतीला हीटर. मी सवयीने विचारलं, "प्रोब कुठे लावलाय?"

तिने वळून पाहिलं. "पप्पा, इथे प्रोब लागतो हे तुम्हाला कसं कळलं?"

बंद खोली, आत जिवंत माल आणि भिंतीला हीटर, एवढं दिसल्यावर दुसरा प्रश्न सुचणार तरी कोणता? मी खुर्ची ओढली, आणि त्या रात्री आम्ही दोघं दोन वाजेपर्यंत मंगळावर होतो.

गेमचं नाव स्टेशनीअर्स. न्यूझीलंडच्या डीन हॉल यांच्या रॉकेटवर्क्झ या स्टुडिओने तो डिसेंबर 2017 मध्ये अपुऱ्या अवस्थेतच खेळायला दिला आणि खेळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाढवत नेला. मंगळ, चंद्र, युरोपा अशा ठिकाणी तुम्हाला सोडून देतात. खोली बांधायची, तिच्यात हवा भरायची, ती टिकवायची. बंदुकीचं फारसं काम नाही, शत्रू म्हणजे दाब आणि तापमान. त्यातलं गणितही खरं आहे, आपण अकरावीत शिकतो तेच: दाब, आकारमान, मोल आणि केल्विन. बांधकामाचा एक चौकोन दोन मीटर लांब, रुंद आणि उंच, म्हणजे 8000 लिटर. 20 अंशांना त्यात पृथ्वीवरच्याइतका दाब हवा असेल तर सुमारे 332 मोल वायू सोडावा लागतो. मुलीने हे वहीत सोडवून मला दाखवलं. पुस्तकातलं गणित तिने आपणहून वहीत सोडवलेलं मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

सुरुवातीला सगळं हाताने करायचं. गार झालं की हीटर लावा, तापलं की बंद करा. पण खनिज खणायला बाहेर गेल्यावर खोलीकडे कोण बघणार? त्यासाठी गेममध्ये आयसी10 नावाची चिप आहे. तिच्यात जास्तीत जास्त 128 ओळींचा प्रोग्रॅम बसतो. आकडे ठेवायला सोळा कप्पे, यंत्रं जोडायला सहा पिना, भाषा जुन्या मिप्स प्रोसेसरच्या असेंब्लीसारखी तुटक: वाच, तुलना कर, अमुक ओळीवर उडी मार, लिही, थांब. दर अर्ध्या सेकंदाला ती पुन्हा जागी होऊन काम करते. मी भुसावळला आयटीआय केलं तेव्हा रिलेचं पॅनेल वायरिंग करत असू. ही चिप पाहून मला ते पॅनेलच आठवलं. फक्त तारांच्या जागी शब्द आहेत.

मुलीने प्रोग्रॅम स्वतः लिहिला नव्हता. कुणीतरी केलेला शंभरावर ओळींचा तयार प्रोग्रॅम तिने चिपमध्ये उतरवून घेतला होता. तो उत्तम चालला, आणि उत्तम चालला म्हणूनच तिने तो कधी उघडून वाचला नाही. मग एक दिवस खोली वाढवायची म्हणून तिने सेन्सर जुन्या भिंतीवरून काढला, नव्या भिंतीवर लावायच्या आधी लोखंड कमी पडलं, म्हणून ती बाहेर खणायला गेली. इकडे चिपची पहिली पिन रिकामी. जे यंत्रच नाही ते वाचायचं कसं? चिप त्या ओळीवर चूक दाखवून थांबली. हीटर थांबला नाही. त्याला मिळालेला शेवटचा हुकूम 'चालू' असा होता आणि तो मोडणारं कुणी उरलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा खोली 50 अंशांवर होती. टोमॅटो गेले, बटाटे गेले. दाब 101 किलोपास्कलवरून 111 वर. हवा तेवढीच होती, नुसती तापली होती. हे सगळं तिने मला सांगितलं आणि म्हणाली, "चिप बंद पडली तर सगळं बंद पडेल असं मी धरून चालले होते."

मी गप्प झालो. कारण 2016 च्या मे महिन्यात मीही हेच धरून चाललो होतो.

त्या रात्री दोन नंबरच्या चेंबरमध्ये उंदराने प्रोबची वायर कुरतडली. आमचा प्रोब पीटी100, म्हणजे तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध वाढतो. वायर तुटली की रोध अमर्याद होतो. कंट्रोलरला वाटलं, खोलीत आग लागल्यासारखं तापलंय. त्याने कॉम्प्रेसर सोडलाच नाही. पहाटे मी दार उघडलं तेव्हा आत 9 अंश. केळं 13 अंशांच्या खाली गेलं की सालीला मार बसतो, ती राखट पडते, मग कितीही ऊब दिली तरी पिवळा रंग धरत नाही. दहा टन माल होता. त्यातला बराचसा एका शेतकऱ्याचा, ज्याने वर्षभर त्या बागेला ठिबकाचं पाणी मोजून घातलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून काय सांगायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि आजही नीट सुचत नाही.

नंतर कळलं की प्रोब तुटल्यावर रिलेने काय करायचं, याची सेटिंग त्या कंट्रोलरमध्ये होती. पण ती पासवर्डच्या मागे होती आणि पासवर्ड पुरवठादाराकडे. खोली उभी करताना त्यांनी आम्हाला तो प्रश्न विचारला नाही, आणि आम्हाला तो विचारायचा असतो हे माहीत नव्हतं.

मुलीला हे ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती शाळेत होती. ऐकून झाल्यावर तिने तो तयार प्रोग्रॅम पुसून टाकला आणि कोऱ्या पानावर सुरुवात केली.

पहिल्या प्रयत्नात तिने एकच आकडा धरला: 293 केल्विनच्या खाली चालू, वर बंद. हीटर अर्ध्या अर्ध्या सेकंदाला चालू-बंद, चालू-बंद करायला लागला. मी कपाटातून एक जुना कॉन्टॅक्टर काढून तिच्या हातात दिला. त्याचे पॉइंट जळून खडबडीत झालेले आहेत. एकाच आकड्यावर नाचवलं की खऱ्या यंत्राचं असं होतं, कॉम्प्रेसर तर त्याहून लवकर जातो. मग तिने दोन आकडे घेतले, 293 ला चालू आणि 298 ला बंद, मधल्या पट्ट्यात असेल तसं राहू दे. आम्ही त्याला डिफरन्शियल म्हणतो, तिच्या पुस्तकात हिस्टेरिसिस आहे. तिने तो धडा परीक्षेत लिहिला होता, पण हीटर असा नाचताना प्रथमच पाहिला.

मग आम्ही मूळ प्रश्नावर आलो. सेन्सर जागेवर नसेल तर? त्यासाठी चिपच्या भाषेत तयार आज्ञाच आहे, बीडीएनएस. पिनेला यंत्र जोडलेलं नसेल तर अमुक ओळीवर जा, एवढंच ती सांगते. पण त्या ओळीवर जाऊन करायचं काय, हे भाषा सांगत नाही. ते माणसाने ठरवायचं. त्यावर आमचा खरा वाद झाला, आणि मला वाटतं सगळं शिकणं त्या वादातच होतं.

ती म्हणाली, "सरळ आहे, सगळं बंद." मी म्हटलं, मंगळावर रात्री हीटर बंद केलास तर झाडं गारठून मरतील. ती म्हणाली, "पण हळूहळू मरतील, मला परत यायला वेळ मिळेल." बरोबर होतं तिचं. चालू आणि बंद या दोन्हींत नुकसानच असेल, तर जे नुकसान सावकाश होतं ते निवडायचं. आमच्या चेंबरचंही तसंच. प्रोब तुटल्यावर कॉम्प्रेसर थांबवला तर केळ्यांच्या स्वतःच्या उष्णतेने खोली तापत जाते, पण माणूस धावत यायला काही तास मिळतात.

आता हवेचं बघा. इथिलीनचा वाल्व तुटक्या प्रोबबरोबर बंदच झाला पाहिजे, कारण हा वायू हवेत 2.7 टक्क्यांवर गेला तर ठिणगीने पेट घेतो. मात्र हवा बदलणारा पंखा? माझ्या खोलीत तो चालू राहिला तर सुरक्षित. तिच्या खोलीत बाहेरच्या बाजूची झडप उघडी राहिली तर मरण. काम तेच, खोलीतली हवा बाहेर सोडायचं, आणि संकटातली योग्य जागा बरोबर उलटी. सोयूझ 11 मध्ये असंच घडलं. जमिनीजवळ आल्यावर बाहेरची हवा आत घ्यायला ठेवलेली झडप यानाचे भाग सुटे होताना अंतराळातच उघडली आणि 30 जून 1971 रोजी तिघे अंतराळवीर आपल्या जागेवर बसल्या बसल्या गेले. मुलीने ते वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघं काही वेळ बोललो नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल, रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या पोरांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने सर्किट चालतं का एवढंच पाहू नये. ते चालू असताना सेन्सरची वायर उपटावी आणि मुलाला विचारावं: आता काय होईल, आणि ते तू ठरवलंस की आपोआप झालं? निम्मे गुण त्याला ठेवावेत. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात तापमान नियंत्रणाचं ट्रेनर किट कुलपात असतं, मुलांनी बिघडवू नये म्हणून. बिघडवलं नाही तर ते शिकणार कशावर? किट द्यायचं नसेल तर निदान हा गेम लॅबच्या संगणकांवर टाका. त्यात खोली जळाली तर पुन्हा बांधता येते. माझ्या चेंबरमध्ये दहा टन केळ्यांवर कुणाला सराव करू देता येत नाही.

गेममध्ये सगळं येत नाही, हे मी मुलीलाही सांगितलं. तिथला सेन्सर कधी खोटं बोलत नाही. माझा प्रोब वर्षभराने अर्धा अंश चुकीचा दाखवायला लागतो, आम्ही तो बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याला तपासतो. ओलाव्याने टर्मिनल हिरवी पडतात, उंदीर येतात. ते हातानेच शिकावं लागतं.

तयार प्रोग्रॅमबद्दल आमचं अजून पूर्ण जुळलेलं नाही. आता तर संगणकाला सांगितलं की तो लिहूनही देतो. मी म्हणतो, पहिला प्रोग्रॅम स्वतःच लिहायचा, मग पुढचे कुठूनही घ्या. ती म्हणते, "दुसऱ्याचा घेतला तरी चालेल, पण प्रत्येक ओळ मला समजावून सांगता आली पाहिजे." अर्धं मला पटतं. पण दुसऱ्याने जे लिहिलंच नाही, ते वाचून दिसत नाही. तिच्या त्या शंभर ओळींत एकही ओळ चूक नव्हती, एक ओळ नव्हती एवढंच.

आणि प्रत्येक वेळी तयार मिळेल असंही नाही. गगनयानात माणसांना श्वास घेता यावा म्हणून जी प्रणाली लागते, ती इतर देशांकडून मिळाली नाही, आता आपणच बनवणार, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात सांगितलं होतं. ती बनवणारी मुलं कुठल्या ना कुठल्या लॅबमधूनच येणार आहेत.

पुरवठादारांनाही एक सांगणं आहे. खोली आमची, माल शेतकऱ्याचा. प्रोब तुटल्यावर, वीज जाऊन आल्यावर, वाल्व अडकल्यावर तुमचं यंत्र काय करेल, हे एका कागदावर मराठीत लिहून पॅनेलच्या दारात चिकटवा, आणि ती सेटिंग बदलायचा पासवर्ड आम्हाला द्या.

मुलीचा प्रोग्रॅम शेवटी एकतीस ओळींचा झाला. सेन्सर गेला तर हीटर बंद, भोंगा चालू, बाहेरची झडप बंद. तिने तो मंगळावर मुद्दाम सेन्सर काढून सात वेळा तपासला.

तेव्हापासून मीही प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चेंबर रिकामं असताना, प्रोबची वायर सोडवतो आणि काय होतं ते नोंदवहीत लिहितो. या महिन्याची नोंद: चेंबर 2, वायर सोडली सकाळी 7:10, कॉम्प्रेसर थांबला, इथिलीन वाल्व बंद, पंखा चालू, भोंगा वाजला. चेंबर 4, भोंगा वाजला नाही. वायरिंग उघडलं आहे.