दुरुस्त करा, टेकू द्या किंवा पाडा: धोकादायक घरांच्या कायद्याची सव्वाशे वर्षे

१/ गेल्या मे महिन्यात कोकणातील एका लहान शहरात माझ्या आजीच्या दारावर नोटीस डकवण्यात आली. घर जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे. आजी तेथे पन्नास वर्षे भाड्याने राहते. नोटिशीचा आशय असा: इमारत धोकादायक आहे, त्वरित रिकामी करावी, दुर्घटना घडल्यास जबाबदारी राहणाऱ्याची.

२/ रस्त्याकडची भिंत फुगली आहे, पडवीचे वासे कुजले आहेत, हे खरेच. परंतु दुरुस्तीविषयी त्या कागदावर एक अक्षर नव्हते. आजी म्हणाली, "वासे कुजले तर वासे बदलायचे की माणसं?" या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. म्हणून हा धागा.

३/ आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला. १८९७ चा साथरोग कायदा आला आणि अधिकारी घरोघर शिरू लागले. जी खोली त्यांना अयोग्य वाटे तिच्यावर ‘मानवी वस्तीस अयोग्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे रंगवली जात. दारावर शेरा मारून राहणाऱ्याला बाहेर काढण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

४/ पुढे १८९८ साली दोन कायदे झाले. एकाने मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याला दाट वस्त्या संपादून पाडण्याचे अधिकार मिळाले. दुसरा म्हणजे फौजदारी कार्यपद्धती संहिता. तिच्या कलम १३३ ने दंडाधिकाऱ्याला पडाऊ इमारतीविषयी आदेश देण्याचा अधिकार दिला. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपण पहिल्या कायद्याची वृत्ती जपली आणि दुसऱ्यातील शक्यता विसरलो.

५/ ट्रस्टने आरंभीच्या दोन दशकांत बांधल्या त्याहून अधिक खोल्या पाडल्या. उठवलेली माणसे कोठे गेली? शेजारच्या चाळीत, आणखी दाटीने. गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या त्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्याचे लोक फार मोठ्या संख्येने होते. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा त्या खोल्यांत राहिले आहेत.

६/ आता कलम १३३ पाहा. इमारत कोसळून इजा होण्याचा संभव असेल तर ती पाडावी, दुरुस्त करावी किंवा तिला टेकू द्यावा, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. तीन क्रियापदे आहेत. त्यांतील दोन घर वाचवणारी आहेत.

७/ कार्यपद्धतीही साधी आहे. कोणीही माहिती द्यावी; दंडाधिकारी प्रथम सशर्त आदेश काढतो. मालकाने तो पाळावा किंवा हजर राहून हरकत घ्यावी. हरकत घेतल्यास पुरावा तपासून आदेश कायम होतो किंवा रद्द होतो. कायम आदेश पाळला नाही तर दंडाधिकारी स्वतः काम करवून घेतो आणि खर्च मालकाकडून वसूल करतो. तातडीचा धोका असल्यास चौकशी संपेपर्यंत अंतरिम मनाईहुकूमही देता येतो.

८/ हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले. नव्या संहितेत हरकतीवरील चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. कारणे नोंदवून ती १२० दिवसांपर्यंत वाढवता येते. आपल्या उपविभागात हा अधिकार प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

९/ या कलमात एक दोषही आहे आणि तो लपवू नये. कोणाला इजा होण्याचा संभव? शेजारी राहणाऱ्यांना, तेथे धंदा करणाऱ्यांना व रस्त्याने जाणाऱ्यांना. घराच्या आत राहणाऱ्याचा त्यात स्वतंत्र उल्लेखच नाही! कायद्याला वाटसरूची चिंता आहे, भाडेकरूची नाही. २०२३ मध्ये संहिता नव्याने लिहिली गेली, तरी ही शब्दरचना तशीच उचलली गेली.

१०/ तरीही या कलमाची ताकद किती, हे रतलामच्या खटल्याने दाखवले. उघडी गटारे, शौचालयांचा अभाव, मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी. रहिवाशांनी १९७२ मध्ये कलम १३३ खाली तक्रार केली. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. जुलै १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली आणि कामे मुदतीत करण्याचे आदेश दिले. आठ वर्षे लागली; पण तत्त्व प्रस्थापित झाले.

११/ मग आपल्याकडे न्यायालयांचे लक्ष केव्हा जाते? २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन कोसळली, १६ मृत्यू. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीची जिलानी इमारत कोसळली, ३८ मृत्यू. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दखल स्वागतार्हच, पण ढिगारा झाल्यावरची. भिंत फुगते तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी जे व्हावयास हवे, ते होत नाही.

१२/ दिवाणी वाट पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४: घर सुस्थितीत राखणे मालकाचे कर्तव्य. नोटिशीनंतर १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा अशी की एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. आजीचे भाडे महिना १५० रुपये, म्हणजे वर्षाला १८०० आणि वळते करता येतात ४५०. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही.

१३/ मालक म्हणतील, १५० रुपयांत आम्ही तरी काय दुरुस्त करावे? हा आक्षेप खोटा नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. ती तरतूद टिकवणे आता समर्थनीय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. मुंबई शहरासाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ तरी आले. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर यांच्या वाट्याला तेही नाही. येथे दुरुस्तीचा खर्च मालकाच्या आणि भाडेकरूच्या मध्ये लोंबकळत राहतो.

१४/ आणि येथेच खरा अनर्थ आहे. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार पालिकेने इमारत पाडण्याचा आदेश दिला असेल तर त्या कारणावर मालकाला ताबा मागता येतो. म्हणजे दुरुस्ती टाळणाऱ्याला घर जितके कुजेल तितका लाभ! नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ मध्येही धोकादायक बांधकाम उतरवण्याबरोबर दुरुस्तीचा पर्याय आहे. मात्र दुरुस्तीवर देखरेख ठेवावी लागते. ‘रिकामे करा’ म्हटले की कार्यालयाची जबाबदारी कागदावर संपते.

१५/ नोटीस आली म्हणजे हक्क गेला, असे मात्र समजू नका. सांगलीतील एका खटल्यात (शहा रतनशी खिमजी, २०१४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क नष्ट होत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली: संरचनात्मक तपासणी, अहवालांत मतभेद असल्यास तांत्रिक समिती, पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे मोजमाप. पुढे रूढ झालेल्या चार श्रेणींपैकी केवळ ‘सी-१’ म्हणजे पाडण्यायोग्य. उरलेल्या तीन दुरुस्तीच्या आहेत.

१६/ इतरत्र वेगळा विचार झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७२ च्या कायद्याने गृहनिर्माणासाठी दिवाणी न्यायालयाचा खास विभाग निर्माण झाला. तेथे भाडेकरू मालकाविरुद्ध दुरुस्तीचा आदेश मागू शकतो. इमारतीची अवस्था जिवास घातक असल्यास न्यायालय तिच्यावर प्रशासक नेमते आणि भाडे दुरुस्तीकडे वळवते. तेथेही विलंब आहेत. तथापि प्रश्न ‘माणूस केव्हा निघणार’ असा नसून ‘घर केव्हा नीट होणार’ असा विचारला जातो.

१७/ म्हणून मागण्या चार. एक: तपासणी अहवालाशिवाय घर रिकामे करण्याची नोटीस नको. दोन: दुरुस्ती का शक्य नाही, याची कारणे नोटिशीतच लिहावीत. तीन: जागेचे मोजमाप आणि परतण्याचा हक्क लहान शहरांतही प्रत्येक भाडेकरूला लेखी मिळावा. चार: कलम १५२ मध्ये ‘इमारतीत राहणारे’ हे दोन शब्द घालावेत.

१८/ कोणी म्हणेल, उद्या घर कोसळले तर? प्राण वाचवण्यासाठी माणसे हलवावीच लागतात. त्याला विरोध नाही. विरोध आहे तो हलवण्यालाच उपाय मानण्याला. प्लेगच्या काळातही हेतू प्राण वाचवण्याचाच सांगितला जात होता.

१९/ आजीच्या वतीने आम्ही प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. भिंत रस्त्याकडची असल्याने वाटसरूंना धोका आहे, असे त्यात मुद्दाम लिहिले; कायद्याला तेवढेच ऐकू येते. निर्णय अद्याप नाही. भिंतीला तूर्त माडाच्या ओंडक्यांचे तीन टेकू आम्हीच लावले आहेत.

२०/ आपल्या घरावर अशी नोटीस आली असेल तर तिच्यात ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या. आपल्या गावचा अनुभव खाली अवश्य नोंदवावा. (धागा समाप्त)