बुचाची साक्ष

गेल्या पावसाळ्यात थोरल्या बहिणीच्या केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात जाणे होत असे. इंजेक्शन आम्हीच केमिस्टकडून आणायचो, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवून. एकदा डे-केअर वॉर्डातल्या सिस्टर व्हायल हातात घेऊन लेबल वाचत होत्या, तेव्हा मला राहवले नाही.

"सिस्टर, उघडण्याआधी तुम्ही काय काय बघता?"

"नाव, स्ट्रेंथ, बॅच, एक्स्पायरी. आणि आत काही कण दिसतात का ते."

"आणि झाकण?"

"झाकणाचं काय बघायचं काका? ते उडवायचंच असतं."

बोलता बोलता त्यांनी अंगठ्याने ते उडवलेही. टक् असा आवाज झाला, निळी चकती ट्रेमध्ये पडली आणि तिथून केराच्या डब्यात गेली. सिस्टरांचे काहीच चुकले नव्हते. जे तपासायला शिकवले गेले, ते त्या काटेकोरपणे तपासत होत्या. पण उमेदीची सारी वर्षे पॅकेजिंगच्या कामात घालवलेल्या माझी नजर त्या डब्यावर खिळून राहिली. ही बाटली आजवर कोणी उघडलेली नाही, याचा सर्वात ठळक पुरावा त्या डब्यात पडला होता. ट्रेमध्ये उरली होती ती अखंड लेबलाची, धडधाकट, औषध काढून घेतल्यावरही नव्यासारखी दिसणारी बाटली.

या महिन्याचे संपादकीय त्या उरलेल्या बाटलीविषयी आहे.

आपल्या वाचकांना फ्लिप-ऑफ सीलची ओळख करून द्यायला नको. तरी रोज हाताळलेल्या वस्तूकडे एकदा नव्याने पाहू. ब्रोमोब्युटिल किंवा क्लोरोब्युटिल रबराचे बूच काचेच्या तोंडावर बसते. ॲल्युमिनियमची टोपी त्या बुचाला दाबून धरते आणि तिची कड गळ्याच्या ओठाखाली वळवली जाते. हेच आपले क्रिंपिंग. टोपीवर पॉलिप्रॉपिलीनची चकती. ही चकती ॲल्युमिनियमच्या मधल्या भागाला पकडून असते आणि तो भाग उरलेल्या टोपीला बारीक पुलांनी जोडलेला असतो. चकती उचलली की पूल तुटतात, मधला पत्रा चकतीबरोबर निघून येतो आणि रबर उघडे पडते. तुटलेला पूल पुन्हा जुळत नाही. 13 मिलिमीटरची बारीक व्हायल असो की 20 किंवा 32 मिलिमीटरची, तत्त्व हेच.

म्हणजे कामे तीन: रबराने हवा आणि जंतू बाहेर ठेवायचे, ॲल्युमिनियमने रबर दाबून ठेवायचे आणि चकतीने साक्ष द्यायची. पहिल्या दोन कामांचे शास्त्र आपण फार पुढे नेले आहे. बूच किती जोराने दाबले गेले ते आपण मोजतो. गळती शोधायला हेलियम, निर्वात आणि उच्च दाबाची वीज वापरतो. 2016 मध्ये सुधारलेला यूएसपीचा 1207 हा अध्याय आणि ऑगस्ट 2023 पासून लागू झालेले युरोपचे नवे ॲनेक्स 1 यांनी या दोन कामांना शिस्त लावली. तिसरे काम मात्र आपण गृहीत धरले. चकती आहे म्हणजे साक्ष आहे, एवढ्यावर विषय संपवला.

बुचापाशी हलगर्जी झाली तर काय होते, हे परळच्या प्रयोगशाळेइतके कोणी भोगले नसेल. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी 107 जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक 53-एन. बाटली परळहून भरून गेलेली, म्हणून ठपका आला प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. पुढे उजेडात आले ते असे: बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो बूच काढायला वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव 1925 मध्ये मिळाले, ते आजही आहे. पण आयुष्यातली ऐन कर्तबगारीची पाच वर्षे गेली ती गेलीच.

भरणाऱ्याची जबाबदारी संपून टोचणाऱ्याची सुरू होते ती रेघ बुचावरून जाते. ही रेघ पुसट असली की रुग्ण जिवानिशी जातो आणि प्रामाणिक उत्पादक नावानिशी. चोख साक्ष देणारे सील हा दोघांचाही आधार आहे.

आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. मराठेशाहीतल्या पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठवत, तो मजकूर इथे संपला हे सांगायला, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. त्या शिक्क्याने पत्र कुलूपबंद होत नसे. घुसडलेली ओळ उघडी पडे, एवढेच. आणि ते पुरेसे होते, कारण शिक्का पत्रावरच राहत असे.

आपल्या धंद्याला ही समज यायला वेळ लागला. 1982 च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले आणि सात माणसे मेली. कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. काही आठवड्यांतच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियम आणला. त्यात शब्द होता छेडछाड-रोधक. 1998 मध्ये तो बदलून छेडछाड-दर्शक करण्यात आला. छेडछाड थोपवणारे झाकण कोणीही बनवू शकत नाही, ती दाखवणारे बनवता येते, ही त्या बदलामागची समज. आपल्याकडच्या खरेदीच्या कागदपत्रांत अजूनही सर्रास 'टॅम्पर-प्रूफ' लिहिलेले असते. तो शब्द आधी खोडला पाहिजे. शिवाय अमेरिकेतला तो नियम चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांसाठी होता. इंजेक्शनची व्हायल त्याच्या नजरेसमोर नव्हतीच.

छेडछाड-दर्शक वेष्टनाचा उत्तम नमुना मात्र इंजेक्शनच्याच दुनियेत जन्मला होता. 1886 मध्ये स्तानिस्लास लिमूझँ या फ्रेंच औषधनिर्मात्याने काचेची अँप्यूल पुढे आणली. मान मोडली की संपले. मोडलेली अँप्यूल भरलेली म्हणून कोणाच्या गळ्यात मारता येत नाही. काचेचे कण आत पडतात, बोट कापते, उरलेले औषध ठेवता येत नाही, म्हणून अनेक औषधांसाठी आपण व्हायलकडे वळलो. सोय मिळाली, पण अँप्यूलचा तो एक गुण हातचा गेला.

त्याची किंमत आपण डोळ्यांनी पाहिली आहे. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे होते. तेव्हा बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. वापरलेल्या रेमडेसिविरच्या बाटल्यांत पॅरासिटॅमॉल भरून ती विकली जात होती. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी उघडकीला आणलेल्या प्रकरणात कर्करोगाच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे स्वस्त औषध भरले जात असल्याचे सांगण्यात आले. अटक झालेल्यांत रुग्णालयांत काम करणारेही होते. कुंपणच शेत खाऊ लागले की राखण कोणी करायची?

या दोन्ही प्रकरणांत बाटली खरी होती, लेबल खरे होते, बॅच नंबर खरा होता. खोटे होते फक्त औषध. ऑगस्ट 2023 पासून निवडक 300 ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. ते चांगलेच झाले. पण खऱ्या बाटलीवरचा खरा कोड आत भरलेल्या खोट्या औषधाचीही ग्वाही देतो. युरोपात फेब्रुवारी 2019 पासून चिठ्ठीच्या औषधांवर ओळखकोडाबरोबर छेडछाड-दर्शक रचनाही लागते, मात्र ती बहुधा बाहेरच्या खोक्यावर असते. आपल्याकडे खोके कितीदा केमिस्टच्या काउंटरवरच राहते आणि व्हायल एकटीच बर्फात बसून वॉर्डात पोहोचते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून या धंद्यातल्या सर्वांपुढे एकच सूत्र ठेवतो: साक्ष बाटलीवरच राहिली पाहिजे. फेकून दिल्या जाणाऱ्या तुकड्यावर ती असेल, तर ती फक्त पहिल्या उघडण्यापुरती उपयोगी. बाटली उघडताक्षणी बाटलीच कायमची खराब दिसली पाहिजे.

हे करता येते, त्यासाठी नवा शोध लागायला नको. लेबल खांद्यावरून वर नेऊन टोपीच्या कडेला चिकटवता येते, म्हणजे चकती उडवताना लेबलाची पट्टी फाटते आणि खालचा लाल पट्टा उघडा पडतो. लेबलाचा थर ठिसूळ घेऊन त्यात बारीक काप ठेवले, की ते अखंड सोलून दुसऱ्या बाटलीवर लावता येत नाही. टोपीच्या पत्र्यावर लेसरने कोड कोरून तो लाइनवरच लेबलाच्या कोडाशी जोडला, की बदललेली टोपी स्कॅन करताच उघडी पडते. टोपीचा रंग आणि चकतीवरचा उठाव ही जास्तीची मदत समजावी. बाजारात हव्या त्या रंगाची कोरी टोपी मिळते, तेव्हा रंगाच्या भरवशावर कोणी राहू नये.

अडचणी आहेत आणि त्या मोकळेपणाने मांडायला हव्यात. गळा झाकला की क्रिंपिंगचे दोष दिसत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याची तपासणी लेबलाआधी उरकली पाहिजे. खांदा झाकला की आतले कण पाहायची जागा कमी होते, तेव्हा खिडकी सोडावी लागते. 2 ते 8 अंशांतली बाटली मुंबईच्या जुलैत बाहेर काढली की मिनिटभरात घामाघूम होते. कोरड्या खोलीत उत्तम चिकटणारा डिंक तिथे सुटतो आणि न उघडलेली बाटलीही संशयित ठरते. खोटा आरोप करणारा साक्षीदार मुक्या साक्षीदाराइतकाच घातक, कारण दोनदा खोटा इशारा मिळाला की सिस्टर तिसऱ्यांदा बघतच नाहीत. 121 अंशांच्या वाफेतून जाणाऱ्या औषधाचे लेबल नंतरच लागते, पण टोपीवरचा कोड त्या वाफेत टिकला पाहिजे. अतिशीत साठवणीत, उणे 60-70 अंशांच्या आसपास, ब्युटिल रबर काचेसारखे कडक होते. तिथे आधी सील टिकते का ते पाहायचे, साक्षीचे मग. अमेरिकेला माल धाडणाऱ्यांना टोपीच्या माथ्यावर जिवावर बेतणाऱ्या धोक्याचा इशारा सोडून काहीही छापता येत नाही, ओळखीचा मजकूर कडेलाच न्यावा लागतो. हा निर्बंध योग्यच आहे. पोटॅशियम क्लोराइडची काळी टोपी आणि तिच्यावरचा इशारा ब्रँडच्या नक्षीत हरवता कामा नये.

या सगळ्यांच्या वर एक कसोटी आहे: रात्री दोन वाजता, ओल्या हातमोज्यात, रुग्णाचा दाब उतरत असताना ते झाकण एका अंगठ्याने उडाले पाहिजे. चोरासाठी घातलेली अडचण परिचारिकेच्या वाट्याला आली, तर ती रचना नापास.

खर्चाचा मुद्दा खरेदी विभाग काढणारच. त्यांना माझे सांगणे असे की सगळ्या व्हायलींपासून सुरुवात नको. जिथे रिकाम्या बाटलीलाच भाव येतो, तिथून करा: कर्करोगाची औषधे, जैविक औषधे, इम्युनोग्लोब्युलिन. रुग्णालयातल्या औषधनिर्मात्यांनीही आपला वाटा उचलावा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे रिकामी व्हायल निळ्या खुणेच्या खोक्यात जायची, सायटोटॉक्सिक औषधाची असेल तर पिवळ्यात. त्या वाटेत ती मोजली जाते का आणि खोक्यात पडण्याआधी तिचे लेबल कोणी फाडते का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक वॉर्डात विचारले गेले तरी पुष्कळ झाले. आणि परिचर्येच्या प्रशिक्षणात नाव, स्ट्रेंथ, बॅच, एक्स्पायरी यांच्या रांगेत झाकणही बसले पाहिजे.

पुढच्या खेपेला त्याच सिस्टरांनी व्हायल उघडण्याआधी माझ्यासमोर धरली. "काका, झाकण बघा. ठीक आहे ना?" मी पाहिले. चकती घट्ट होती, पत्रा अखंड होता. ताईने मान डोलावली आणि सलाइनकडे हात पुढे केला. त्या क्षणी मला बरे वाटले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले, कारण हा प्रश्न विचारायला दर खाटेशेजारी पॅकेजिंगवाला नातेवाईक बसलेला नसतो. तो प्रश्न बाटलीनेच विचारायला लावला पाहिजे आणि ते काम आपले आहे.

म्हणून या महिन्यात एक प्रयोग करा. आपल्या कारखान्यातली एक व्हायल नेहमीसारखी उघडा, रिकामी करा, पुसा आणि न उघडलेल्या व्हायलीशेजारी टेबलावर उभी करा. दोन्ही लेबले आपल्याकडे वळवा. मग लेखा विभागातल्या किंवा दारावरच्या एखाद्या माणसाला बोलवा आणि दोन हात लांबून विचारा, यातली वापरलेली कोणती? त्याला टोपीजवळ वाकून पाहावे लागले, तर आपल्या बुचाची साक्ष अजून कच्ची आहे.