सहा वर्षांखालचें मूल कोणाचें?

भाताचें रोप तरव्यांतच पिवळें पडलें, तर पुढें खाचरांत कितीहि खत घाला, तें म्हणावें तसें जोर धरीत नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंस कोणी शिकवावयास नको. परंतु ज्या तरव्यासाठीं आपण रात्रीं उठून पाणी धरतों, त्याच्या निम्मी काळजी तरी घरच्या तरव्याची, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या पोरांची, करतों काय? मूल शाळेंत गेलें कीं शिक्षण सुरू झालें, तोंपर्यंत तें नुसतें वाढतें, अशी आपली समजूत आहे. ही समजूत खोटी आहे. बोलणें, ऐकणें, विचारणें, वांटून खाणें, पडून पुन्हां उठणें, हें सारें मूल पहिल्या पांच-सहा वर्षांतच शिकतें. आणि याच काळांत त्याच्या मेंदूची वाढ सर्वांत झपाट्यानें होते.

लहान मुलांच्या शाळा हें शहरांतल्या पैसेवाल्यांचें खूळ आहे, असें कांहीं जण म्हणतात. त्यांनीं थोडा इतिहास पहावा. स्कॉटलंडांत न्यू लॅनार्क या गांवीं सुताच्या गिरण्या होत्या. तेथील चालक रॉबर्ट ओवेन यांनीं १ जानेवारी १८१६ रोजीं मजुरांच्या मुलांसाठीं शाळा उघडली. नुकतीं चालूं लागलेलीं मुलेंहि तींत घेतलीं जात. पहिला शिक्षक कोण होता? जेम्स बुकॅनन नांवाचा विणकर! त्याला लिहिणें-वाचणें जेमतेम येई. पण मुलांवर माया होती व अंगीं धीर होता. त्याच्या मदतीला गिरणींतली सतरा वर्षांची मॉली यंग ही मुलगी. ओवेन यांची ताकीद अशी कीं, मुलांना मारावयाचें नाहीं, धमकावयाचें नाहीं, पुस्तकांनीं छळावयाचें नाहीं. दिसेल त्या वस्तूविषयीं त्यांना विचारूं द्यावें व सरळ उत्तर द्यावें. ज्या काळीं सहा-सात वर्षांचीं पोरें गिरण्यांत राबत, त्या काळची ही गोष्ट आहे.

पुढें १९०७ सालीं रोम शहरांत, सान लोरेन्झो या गरीब वस्तींत, आईबाप कामावर गेल्यावर मोकळीं फिरणारीं मुलें चाळीच्या भिंती खराब करीत. त्यांना एका खोलींत सांभाळण्याचें काम डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं हातीं घेतलें. आज ज्या बाईंचें नांव पाटीवर लावून हजारोंनीं फी घेतली जाते, त्यांची पहिली शाळा मजुरांच्या चाळींत भरली होती, हें विसरूं नये.

त्याच इटलींत रेज्जो एमिलिया शहराजवळ व्हिल्ला चेल्ला नांवाचें खेडें आहे. १९४५ सालीं महायुद्ध संपलें, तेव्हां पळालेल्या जर्मन फौजेचा एक रणगाडा, कांहीं ट्रक व घोडे तेथें मागें राहिले. ते विकून गांवाच्या हातीं पैसा आला. गांवानें काय केलें? लहान मुलांची शाळा बांधावयाचें ठरविलें! एका शेतकऱ्यानें जमीन दिली. पडक्या घरांच्या विटा व नदीची वाळू आणून, रविवारीं व रात्रीं खपून, शेतकरी-मजुरांनीं स्वतःच्या हातांनीं भिंती उभ्या केल्या. तें पाहून लॉरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक त्यांना येऊन मिळाला. आज जगांतले शिक्षक त्या शहरांत शिकावयास जातात. आपल्या गांवीं वर्गणीचा पैसा जमला म्हणजे पहिल्यानें कमान आठवते कीं मुलें आठवतात, हें ज्याचें त्यानें मनांशीं विचारावें.

गरिबाच्या पोरावर इतकी मेहनत करून मिळतें काय, असें विचारणाऱ्यांस जमैका बेटानें उत्तर दिलें आहे. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील, अंगानें खुरटलेल्या १२९ मुलांवर १९८६-८७ सालीं एक प्रयोग सुरू झाला. कांहीं मुलांच्या घरीं आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई व मुलाशीं कसें बोलावें, कसें खेळावें, हें आईला दाखवी. खेळणीं घरांतल्या टाकाऊ वस्तूंचीं. हें दोन वर्षें चाललें. वीस वर्षांनीं पाहिलें, तों या मुलांची कमाई त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षां सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक भरली. नुसता पूरक आहार ज्यांना दिला होता, त्यांच्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाहीं. पोटाला अन्न लागतेंच. पण मुलाला अन्नाबरोबर माणसाचा शब्दहि लागतो.

आपल्याकडेहि हें काम वाड्यांत नव्हे, पाड्यांत वाढलें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणांत शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. आज देशांत १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

पण अंगण मिळालें, हक्क मिळाला नाहीं. १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना १० वर्षांच्या आंत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असें १९५० च्या घटनेनें राज्यास सांगितलें होतें. ‘सर्व’ म्हटल्यावर पाळण्यांतलें मूलहि त्यांत आलें. २००२ सालीं घटना दुरुस्त झाली व शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. पण तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांचाच. २००९ चा कायदाहि त्याच वयाचा. सहाच्या आंतल्या मुलाच्या वांट्याला राज्याचा ‘प्रयत्न’ तेवढा उरला. प्रयत्नाची वसुली कोणत्या कचेरींत करावी? आणि जी बाई हा भार वाहते, तिला पगार नव्हे, ‘मानधन’ मिळतें! तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढें ठरावयास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें व २०२२ साल उजाडावें लागलें.

तेव्हां बंधुभगिनींनो, करावयाचें काय? शेळी विकून तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी अक्षरें घोकविणाऱ्या शाळेंत घालूं नका. या वयाला खेळांतूनच शिकवावें, असें २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणहि सांगतें. घरीं खेळण्यांस तोटा नाहीं. सुताराकडे लाकडाचे ठोकळे आहेत, कुंभाराकडे माती आहे, शिंप्याकडे चिंध्यांचा चेंडू होतो. पोराशीं बोलणें हें बायकांचें काम, असें म्हणून बापानें अंग काढून घेऊं नये. आणि गांवच्या अंगणवाडीकडे पाठ फिरवूं नका. तिला छप्पर आहे काय, पाणी आहे काय, मुलांना खिचडीबरोबर गाणीं-गोष्टी मिळतात काय, सेविकेचा वेळ मुलांत जातो कीं रजिस्टरांत, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. पहिल्या सहा वर्षांचा हक्क कायद्यांत यावा, असा ठराव करा व मतें मागावयास येईल त्याच्या हातीं तो द्या.

लिहिणें जेमतेम येणाऱ्या विणकराला जें साधलें, तें आपल्याला न साधण्यासारखें नाहीं. सहा वर्षांखालचें मूल आईचें आहे, तसें बापाचें आहे, गांवाचें आहे व राज्याचेंहि आहे. आजवर तें एकट्या आईवर व एकट्या सेविकेवर टाकून बाकीचे मोकळे राहिले. येत्या ग्रामसभेला या मोकळ्या राहिलेल्यांनीं आधीं यावें.